मेन बंद, टेप सेलवर

आधी दिवस लिहितो. इंग्रजी तारखा लिहीत नाही. सोपान प्रत्येक कॅसेटच्या आरंभी सणवार सांगत असे, आणि या प्रकरणात त्याचाच शब्द मी प्रमाण मानतो. वटपौर्णिमा : टेपमध्ये गुणगुण प्रथम लक्षात आली. नागपंचमी : घरातला मेन बंद करून, टेप सेलवर चालवून, गुणगुण घराबाहेरून येते याची खात्री केली. पोळ्याचा दुसरा दिवस : शाखा कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि कॅसेट वाजवून दाखवली. महालक्ष्म्या बसल्या तो दिवस : सोपानच्या पत्नीला पत्र्याखालच्या लोखंडी खांबाचा झटका बसला, तोंडी कळवले. सर्वपित्री अमावास्येचा आदला दिवस : सोपान गेला.

आता माणसे. ज्यांनी विजेच्या खांबापासून सोपानच्या घरापर्यंतची तार पत्र्याच्या धारेवरून ओढली, ते. ज्यांनी आमचा अर्ज वाचून त्यावर ‘रेडिओतील खरखरीबाबत’ असा शेरा मारला, ते शाखेचे साहेब. झटक्याची तक्रार ज्याने सायकलवरून न उतरता ऐकली, तो वायरमन. आणि मृत्यूनंतरच्या अहवालात ज्यांनी ‘मयताचा निष्काळजीपणा’ असे लिहून खाली सही केली, तेही तेच साहेब. नावे मला ठाऊक आहेत. ती छापता येणार नाहीत असे संपादक महाशयांनी कळवले आहे. त्यांची अडचण मी समजू शकतो. ज्यांची ती नावे आहेत, ते हे वाचताना स्वतःला ओळखतीलच.

स्मृतिलेख असा सुरू करण्याचा प्रघात नाही, हे मी जाणतो. आधी गेलेल्याचे गुण सांगावेत, मग डोळे पुसावेत, शेवटी नियतीला बोल लावावा. परंतु मी जन्मभर अर्जनवीस म्हणून जगलो. निजामाच्या अमदानीत कचेरीच्या आवारात चटईवर बसून उर्दूत दरख्वास्ती लिहायला शिकलो, पुढे त्याच जागी मराठीत अर्ज लिहिले. गावात मला अजूनही मुन्शीजी म्हणतात. आमच्या उस्तादांची शिकवण अशी, की केव्हा आणि कोणी हे पहिल्या पानावर आले नाही, तर हाकिम दुसरे पान उलटीत नाही. आणि नियतीचे म्हणाल, तर सोपानच्या पत्र्यावरून तार नियतीने ओढलेली नाही.

त्या सकाळी मी ओसरीवर एका वारसाच्या नोंदीचा अर्ज लिहीत बसलो होतो. सेलूहून वालूरच्या वाटेवरचे आमचे गाव. गावात एक पिठाची गिरणी, आणि ती माझ्या व सोपानच्या घराच्या मधोमध. तिच्या पट्ट्याचा आवाज इतका अंगवळणी पडलेला, की चालू असताना तो कानाला कळतच नाही. थांबला तेव्हा कळला. दळणाची वेळ, दारात डब्यांची रांग, आणि गिरणी एकाएकी बंद. वीज गेली म्हणावे, तर आमच्याकडे वीज गेली की गल्लीतली पोरे एका सुरात ओरडतात. त्या दिवशी कोणी ओरडले नाही... मी लेखणी खाली ठेवली. का ठेवली ते सांगता येणार नाही, पण सोपानच्या पत्नीची, कौसाबाईंची, हाक येण्याच्या आधी मी उठलो होतो.

गिरणीवाल्याने डीपीकडे धावत जाऊन अख्ख्या गावाची वीज तोडली होती. सोपानच्या अंगणात तारेवर गोधड्या होत्या; वाळत नव्हत्या, निथळत होत्या. त्यांच्या खाली, चिखलात, सोपान एका कुशीवर पडला होता. माणसे गोल उभी होती आणि मध्ये कौसाबाई दोन्ही हात पसरून सर्वांना अडवीत होत्या. “हात लावू नका... हात लावू नका त्यायला...” वीज तोडली आहे, आता लावा हात, असे गिरणीवाला ओरडून सांगत होता, तरी एकाचाही पाय पुढे सरेना. मी हात लावला. अंग अजून ऊन होते. गळ्याशी बोटे नेली, जिथे मी त्या माणसाचे किती आवाज ऐकले होते... तिथे काही नव्हते.

सोपान थोडक्या जमिनीच्या घरातला. तरुणपणी आईबापांबरोबर हंगामाला ऊसतोडीला जात असे, आणि नकला करण्याचे वेड त्याला तिथेच, फडावरच्या पाचटाच्या कोपीत लागले. एकदा पहाटे त्याने मुकादमाच्या आवाजात आरोळी दिली, “उठा रे, गाड्या लागल्या!” आणि सारी टोळी उठून, डोक्याला फडकी बांधून, बैल जुंपून मोकळी झाली. खरा मुकादम कांबळ्यातून तोंड काढून विचारू लागला, “आरं, मी वरडलो कवा?” ही गोष्ट सोपान मुकादमाच्याच आवाजात सांगायचा आणि शेवटी स्वतःच इतका हसायचा, की पुढचे ऐकू येत नसे. पुढे त्याच गळ्यावर त्याला सेलूला एका अडतीवर काम मिळाले, कापसाच्या गाड्यांची बोली पुकारण्याचे. दिवसभर ओरडून घरी आल्यावर दुसरा कोणी मीठ-पाण्याच्या गुळण्या करून पडला असता. हा माणूस हातपाय धुऊन कौसाबाईंना विचारी, “आज कोणाचा आवाज काढू?”

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि जिल्हा पेटला, त्या दिवसांत आमच्या गावातही दिवेलागणीला दारे लागत. कालपर्यंत एकमेकांच्या ओट्यावर बसणारी माणसे मान खाली घालून दारावरून जाऊ लागली. त्या लावलेल्या दारांमागे सोपानने घरातल्या घरात पहिले नाटक केले. प्रेक्षक दोन : कौसाबाई आणि लहानगी लेक मंदा. भिंत मातीची, वर पत्रे. आवाज गल्लीभर गेला. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी विचारू लागली, “कौसे, काल लय पाव्हणे आल्ते का गं तुमच्याकडं? त्यातली एक बाई लय कजाग दिसती.” ती कजाग बाई म्हणजे सोपान. भीतीच्या त्या दिवसांत आमच्या गल्लीत एकाच घरात गर्दी होती, आणि ती एका माणसाची होती.

टेप आला तो बऱ्याच वर्षांनी. सोपानचा मेहुणा आखातातून परतला, नवा मोठा टेप घेऊन आला आणि जुना, एका भोंग्याचा, त्याने सोपानच्या हवाली केला. त्याचे झाकण लागत नसे. काडेपेटीची काडी खोचून ते बसवावे लागे. कॅसेटी म्हणजे कोणाच्या तरी जुन्या गाण्यांच्या, त्यावरच तो आपले ध्वनिमुद्रण करी. माइक अंगठ्याएवढा, लांब वायरीचा. ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना तोंडातला वारा माइकवर आदळून धप्प असा आवाज होतो, हे त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात आले. त्यावर त्याने पिठाच्या चाळणीला कौसाबाईंच्या जुन्या पातळाचे मऊ फडके ताणून बांधले आणि ती चाळणी माइकपुढे टांगली. ज्वारीच्या कणगीच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, दोरीवर गोधड्या सोडून त्याने खोलीत खोली केली. शेतातून चालणारा माणूस हवा असेल तर कडबा तुडवायचा. पाऊस हवा असेल तर कौसाबाईंनी सुपात ज्वारी फिरवायची. “तुमचा पाऊस पडतो,” कौसाबाई म्हणत, “अन् ज्वारी माझी सांडती.” अडतीला सुट्टी असेल त्या दिवशी, गिरणी जेवणासाठी बंद झाली की ह्या घरात मुद्रण सुरू होई. प्रत्येक वेळी आधी त्याचा स्वतःचा, अडतीवरचा खणखणीत आवाज : “आज अमुक सण. मेन चालू. गिरणी बंद. सोपान बोलतो.” ही सवय मी लावली. ज्या कागदावर दिवस नाही तो कागद नव्हे, असे मी त्याला एकदा सुनावले होते. ते त्याने कॅसेटला लागू केले.

त्याने रेडिओसाठी एक श्रुतिका रचली होती. लिहिली म्हणत नाही, कारण ती कागदावर कधीच नव्हती. एका भिंतीचे दोन शेजारी, नामांतराच्या वर्षापासून एकमेकांशी अबोला. भिंत पावसात खचू लागते. ती सावरायची तर दोघांनी दोन बाजूंनी एकाच वेळी हात लावला पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी आधी बोलले पाहिजे... एवढीच गोष्ट. एकाचा आवाज छातीतून येणारा, जाड. दुसऱ्याचा नाकातला, चिरका. मधून एका बाईचाही. पहिल्यासाठी सोपान पाटाच्या डाव्या टोकाला बसे, दुसऱ्यासाठी उजव्या. ती ऐकताना मला, गल्लीतल्या दोन जिवंत माणसांची नावे घेऊन, हा अमका आणि तो तमका, असे सांगता आले असते. मी त्याला म्हणालो, “सोपान, हे दोघे ही श्रुतिका ऐकतील आणि तुझ्या दारी भांडायला येतील.” तो म्हणाला, “येऊ द्या की, मुन्शीजी. दोघं बी माझ्याच गळ्यात राहतेत. भांडून जातील कुठं?”

वटपौर्णिमेच्या दुपारी त्याने मला बोलावून घेतले. श्रुतिका पुरी झाली होती. मध्ये एके ठिकाणी दोन्ही शेजारी भिंतीच्या दोन बाजूंना उभे असतात आणि कोणीच बोलत नाही. ती शांतता त्याने मुद्दाम लांबवली होती. त्या शांततेत कोणीतरी होते. मी टेपला कान लावला. माशी नव्हे, भुंगा नव्हे. भजन संपवून माणसे निघून जावीत आणि एकतारीचा सूर देवळात तसाच उरावा, तसा एक जाड, श्वास न घेणारा सूर. कौसाबाई चुलीपासून म्हणाल्या, “मला तं वाटतंय, कोणी तरी तोंड दाबून रडायलंय.” आम्ही दोघे त्यावर हसलो.

कॅसेट तशीच रेडिओ केंद्राकडे गेली, आणि आषाढ संपता संपता उत्तरासह परत आली. गावात तो कागद त्याने कोणाला दाखवला नाही, मला दाखवला. आवाज उत्तम आहेत, सर्व भूमिका एकाच व्यक्तीने केल्या असल्यास विशेष कौतुक, तथापि मुद्रणात विजेची गुणगुण असल्याने प्रक्षेपण अशक्य. दोष दूर करून दसऱ्यापर्यंत पुन्हा पाठवावे. सोपानचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज काढले, त्याला पहिल्यांदा कोणी तरी म्हटले होते, की हा आवाज आम्हाला हवा आहे. आड होती ती एक गुणगुण. तिच्यामागे तो हात धुऊन लागला. त्याने आणखी गोधड्या मागून आणल्या, माझ्या घरची सतरंजीही नेली, खिडकी बुजवली, दाराला दुपदरी गोधडी लावली. श्रावणात सर बसली की गुणगुण उलट जाड होई. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडले की पातळ. हे त्याने कॅसेटींवर तिथीवार सांगून ठेवले आहे, आणि त्या मी ओळीने ऐकल्या आहेत. ओळीने ऐकल्यावर कळते. माणसाचा आवाज तोच, चाळणी तीच, आणि त्याच्या मागे ती वस्तू सणासणाला एकेक पाऊल जवळ येते आहे...

नागपंचमीला मी त्याला म्हणालो, आता हे फौजदारी पद्धतीने पाहू. मुन्सफ साक्षीदारांना एकेकटे बसवतो. तशी आपण एकेक शक्यता बाहेर बसवू. गिरणी बंद होतीच. टेपची पिन काढून त्यात सेल घातले. मग घरातला मेन खाली ओढला. दिवा नाही, काही नाही. आता या घरात वीज म्हणून उरली नव्हती. सोपान चाळणीपुढे बसला आणि मुद्रण करू लागला : “आज नागपंचमी. मेन बंद. टेप सेलवर. ऐका.” आणि गप्प राहिला. मग आम्ही कॅसेट मागे फिरवून ऐकली. तो सूर होता. घरात वीज नसताना घरात वीज होती. सोपानने वर पाहिले, मीही पाहिले. पत्र्याच्या धारेवर खांबाकडून येणारी तार टेकलेली होती, आणि वाऱ्याने ती किंचित पुढेमागे सरकत होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शाखा कार्यालयात गेलो. अर्ज मी लिहिला होता, आणि माझ्या अक्षराचा व भाषेचा मला अभिमान आहे. त्यात ‘जीवितास धोका’ हे शब्द अधोरेखित होते. सोपानने टेप पिशवीत घेतला होता. साहेबांनी अर्ज वरवर पाहिला आणि टेप वाजवायला सांगितले. आम्हाला वाटले, ऐकून घेतायत. सोपानने नागपंचमीची कॅसेट लावली आणि अवघडून म्हणाला, “साहेब, मेन बंद हाय. टेप सेलवर हाय. तरी यायलाय बघा आवाज.” दारात उभा असलेला वायरमन म्हणाला, “टेपमधी आवाज येतो तं टेपवाल्याकडं जा ना राव. आमी काय त्याला तबला लावून द्यावा का?” सगळे हसले. कॅसेट पुढे सरकली, आणि दुर्दैव असे, की तिच्यावर पुढे श्रुतिकेचा तुकडा होता. साहेब खुर्चीत सावरून बसले. “हे तुम्ही काढता? दोन्ही? आणि बाईचा?” मग चहा आला. मग फर्माईश आली. म्हातारीचा काढा, मारवाड्याचा काढा, आमच्या वायरमनचा काढता येईल का... सोपान साधा माणूस. इतक्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसाने कौतुक केल्यावर त्याला नाही म्हणता आले नाही. त्याने वायरमनचा आवाज काढला, हुबेहूब, आणि ती खोली हसून हसून लोळली. मी दोनदा म्हणालो, “साहेब, अर्जाचे काय?” साहेब डोळे पुसत म्हणाले, “मुन्शीजी, हा कलाकार माणूस आहे. याला एक चांगली मशीन घेऊन द्या.”

मी त्या दिवशी जे पाहिले, ते असे. त्या खोलीतल्या सर्वांनी सोपानचे सगळे आवाज ऐकले. त्यांनी ऐकला नाही तो एकच आवाज, जो सोपानचा नव्हता आणि ज्यासाठी तो तिथे गेला होता. आणि तो आवाज ओळखणे हीच त्यांची नोकरी होती.

महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी झड लागली होती. कौसाबाईंचा ओला हात पत्र्याखालच्या लोखंडी खांबाला लागला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. गल्लीतून वायरमन चालला होता. मी त्याला थांबवले. तो एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, “पावसाळ्यात पत्रा चावतोच थोडा, मुन्शीजी. चपला घालून हात लावा म्हणावं.” आणि गेला. मी वरच्या कार्यालयास लिहिले. त्याचे उत्तर आले ते सोपानच्या दहाव्याला, आणि त्यात लिहिले होते की रेडिओ व टेपमधील खरखरीशी खात्याचा संबंध येत नाही.

आता गोधड्या. शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. घट बसण्याआधी आमच्याकडे घर सारवायचे आणि घरातली प्रत्येक गोधडी, वाकळ, सतरंजी धुऊन काढायची, असा नेम आहे. धुतल्याशिवाय घरात घट नाही. सोपानच्या घरात त्या वर्षी गोधड्या नेहमीच्या दुप्पट होत्या, कारण अर्ध्या मुद्रणाच्या होत्या. ओली गोधडी उचलणे बाईचे काम नव्हे, म्हणून ओढ्यावरून खांद्यावर त्याने आणल्या. अंगणातली वाळवणाची तार एका टोकाला पत्र्याच्या लोखंडी खांबाला आणि दुसऱ्या टोकाला गल्लीतल्या विजेच्या खांबाला बांधलेली होती. आमच्या गल्लीत सगळ्यांचीच तशी बांधलेली असते. विजेचा खांब सरळ असतो, हलत नाही, फुकट असतो. आणि झड ओसरल्यापासून पत्र्याखालच्या खांबाने कोणाला झटका दिला नव्हता. हाच वायरमन पावसात भिजून आला की आमच्याच गल्लीत अशाच तारेवर आपला सदरा वाळत घालतो, हे मी शपथेवर सांगेन. सोपानने शेवटची गोधडी टाकली, ओल्या वजनाने तार खाली आली, पत्रा ओढला गेला, आणि धारेवर इतके महिने घासत आलेली ती विजेची तार...

सकाळी निघताना कौसाबाईंना तो म्हणाला होता, “ह्या वाळल्या की उद्या शेवटचं एकदा करून बघू. दसरा जवळ आलाय.” त्याने त्या गोधड्या जमवल्या होत्या त्या गुणगुण अडवण्यासाठी. जो आवाज हवेतून येतच नव्हता, तो त्याने कापडाने अडवू पाहिला. तो अडवण्याचे साधन ज्यांच्या हाती होते, त्यांनी त्याच्याकडून म्हातारीची नक्कल करवून घेतली.

अहवालात म्हटले आहे : मयताने विद्युत खांबास अनधिकृतरीत्या तार बांधून तीवर ओले कपडे टाकल्याने, मयताच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडला. मी या वाक्याचा अर्जनवीस म्हणून विचार केला आहे. खांबाला तार बांधली, हे खरे. पण तारेला वीज खांबातून आलेली नाही. ती पत्र्यातून आली, आणि पत्र्यात ती नागपंचमीपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून आहे, याचा पुरावा साहेबांच्या टेबलावर, साहेबांच्या समक्ष, चहा पिताना वाजवण्यात आला होता. ज्याने धोका ओळखला, तपासला आणि लेखी कळवला, त्याला निष्काळजी म्हणणे हे कोणत्या कायद्यात बसते? नुकसानभरपाईचा प्रश्न वेगळा आहे, तो मी येथे काढत नाही. कौसाबाईंचेही मागणे तो एक शब्द जावा एवढेच आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा त्या भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, “मुन्शीजी, त्यायनं सगळ्यायला सांगितलं व्हतं. मंग निष्काळजी कामून लिवलं?” मी पिंडापुढे उभा राहून म्हणालो, ‘सोपान, तो शब्द मी खोडवून घेईन.’ त्यानंतर पिंडाला कावळा शिवला. यावरून कोणी काही अनुमान काढावे असे माझे म्हणणे नाही. घडले ते लिहिले.

कौसाबाई आणि मंदा आता माझ्या घरी राहतात. त्या पत्र्याखाली मी त्यांना राहू दिले नाही. पण ज्या घरात माणूस गेला तिथे दिवा लागला पाहिजे, म्हणून रोज दिवेलागणीला कौसाबाई त्या घरी जातात. लाकडी पाट खाली टाकतात, त्यावर उभ्या राहतात, कोठेही हात न लावता दिवा लावतात आणि पाट उचलून परत येतात. कणगीमागचा कोपरा तसाच आहे. चाळणी दोरीला टांगलेली आहे. तिच्या फडक्यावर, जिथे तोंड येई तिथे, एक फिकट गोल डाग आहे. खात्याची माणसे आली होती. त्यांनी वाळवणाची तार तेवढी सोडून नेली, खांब पाहिला आणि दोष नाही असे लिहून गेली. पत्र्यावरची तार त्यांनी पाहिलीही नाही.

मी यंत्रांपासून दूर राहणारा माणूस. तरी कोजागरीच्या दुपारी मी पाट घेऊन त्या कोपऱ्यात गेलो. मंदाने मला कोणते बटण दाबायचे ते दाखवून ठेवले होते. गिरणी जेवणासाठी बंद झाली, मी चाळणीपुढे बसलो आणि सोपान सांगत असे तसे सांगितले. माझा आवाज मला परका वाटला. मग गप्प राहिलो. नंतर कॅसेट ऐकली. पाऊस संपून पंधरवडा लोटला आहे, सगळे कोरडे आहे, तरी तो सूर तिथे आहे. पातळ, पण आहे. सोपानच्या पत्र्याला शेजारचा पत्रा टेकलेला आहे, त्याला त्याच्या पलीकडचा. त्या घरांतून लेकरे आहेत. आणि पावसाळा दरवर्षी येतो.

म्हणून माझी मागणी लिहितो, आणि तीवर उत्तर याच पुरवणीत, आपल्या नावानिशी, सर्वांना वाचता येईल असे मिळावे. साहेबांनी आमच्या गावी यावे. चावडीपुढे खुर्ची मांडून ठेवू, चहा आम्हीच देऊ. गाव जमेल, ते दोन शेजारीही येतील. आता ते एकमेकांशी बोलतात, सोपानला खांदा देताना बोलले. मी टेप मध्ये ठेवीन आणि वटपौर्णिमेपासून कोजागरीपर्यंतच्या कॅसेटी ओळीने लावीन. नकला ऐकून हसायला हरकत नाही, त्या त्यासाठीच आहेत. फक्त शेवटच्या कॅसेटीला हसू नये. तिच्यात एवढेच आहे :

“आज कोजागरी. मेन बंद. टेप सेलवर. सोपान गेला, मुन्शी बोलतो. साहेब, ऐका... आणि हा आवाज कोणाचा, ते सगळ्यांसमोर सांगा.”